स्टुडिओला कुलूप, विक्री चालूच: अर्धवट गेमवर गेलेले माझे पैसे

मार्चमधल्या एका रविवारी रात्री मावसभावाचा पुण्याहून फोन आला. "दादा, तुझ्याकडे गेम उघडतोय का?" मी जेवत होतो. हात धुऊन लॅपटॉप उघडला, गेम सुरू केला, तर लॉगिनच्या पानावर ते गोल चक्र नुसतं फिरत राहिलं. शेवटी एक ओळ आली, सर्व्हरशी संपर्क होत नाही म्हणून. वाटलं, उद्या होईल. उद्याही झाला नाही, परवाही नाही. आज इतके महिने झाले, तो गेम परत उघडलेला नाही आणि आता उघडणारही नाही.

त्या गेमवर माझे ३,०४७ रुपये गेले. मावसभावाच्या हॉस्टेलमधल्या रूममेटचे ५१९ गेले, आणि ते माझ्या शब्दावर गेले. पुढचं सगळं लिहायचं खरं कारण तेच आहे. गेमचं, स्टुडिओचं आणि ऑनलाइन दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार अजून चालू आहे.

मी सांगलीचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमच्या तळमजल्यावर छातीइतकं पाणी होतं. त्यानंतर साडेतीन वर्षांनी, जानेवारी २०२३ मध्ये, मला हा गेम दिसला. नदीकाठी गाव वसवायचं, दर पावसाळ्यात पाणी चढतं, बांध घालायचे, वेळ आली की घरं उंचावर हलवायची. एका छोट्या परदेशी स्टुडिओने बनवलेला. मी ट्रेलर पाहिला आणि त्याच रात्री यूपीआयने पैसे भरले. एक प्रत १,२९९ रुपयांची. मावसभावाला वाढदिवसाची भेट म्हणून दुसरी, कारण पुढे दोघांनी मिळून एकच गाव वसवता येईल असं पानावर लिहिलं होतं. वर ४४९ रुपयांचा 'सपोर्टर पॅक', ज्यात दोन-चार रंगीत छपरं आणि संगीत याखेरीज काही नव्हतं. तो मी स्टुडिओला हातभार म्हणून घेतला.

गेम 'अर्ली ॲक्सेस'मध्ये होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गेम पूर्ण व्हायच्या आधीच विकायला काढतात, आलेल्या पैशातून आणि खेळणाऱ्यांच्या सूचनांतून तो पूर्ण करतात. स्टीम या गेम विकणाऱ्या मोठ्या ऑनलाइन दुकानाने २०१३ मध्ये ही सोय सुरू केली आणि मग बहुतेक सगळ्यांनी ती उचलली. पद्धत मुळात वाईट नाही. 'हेडीस' आणि 'बाल्डर्स गेट ३' हे दोन्ही गेम असेच आधी अर्धे विकले गेले आणि नंतर जगभर नावाजले गेले. मीही त्याच भरवशावर होतो.

पहिले सात-आठ महिने छान गेले. दर पाच-सहा आठवड्यांनी अपडेट यायचा, स्टुडिओवाले डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर बोलायचे. मी हळूहळू आमचं जुनं गावठाण उभं केलं. घाट, घाटावरचं देऊळ, वरच्या अंगाला शाळा. कुठलं घर कोणाचं हे मला न बघता सांगता आलं असतं. १४० तास झाले होते. मी दुकानाच्या पानावर लांबलचक रिव्ह्यूही लिहिला: पूर पाहिलेल्या माणसाने हा गेम जरूर खेळावा. त्याला बरेच लाइक आले होते.

ऑगस्ट २०२३ नंतर अपडेट थांबले. आधी 'टीम थोडी विश्रांती घेत आहे' अशी पोस्ट आली. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये एक पॅच, म्हणजे छोटा दुरुस्तीचा अपडेट, ज्यात 'किरकोळ दुरुस्त्या' एवढंच लिहिलेलं. मी फाइल्स पाहिल्या तर आकारात काही किलोबाइटांचा फरक होता. त्या पॅचने एकच काम केलं, पानावरची 'शेवटचा अपडेट' ही तारीख ताजी दिसू लागली. पुढे डिस्कॉर्ड बंद झालं. दोघी डेव्हलपरांनी आपापल्या प्रोफाइलवर नव्या नोकरीची बातमी टाकली. स्टुडिओ संपला होता. पण कोणी तसं जाहीर केलं नाही.

आता मला नेमकं कुठे फसवलं गेलं ते सांगतो, कारण इथे लोकांची गल्लत होते. छोटा स्टुडिओ बुडू शकतो. जानेवारी २०२३ मध्ये माझे पैसे घेताना त्यांना गेम पूर्ण करायचाच असेल, आणि तो धोका मी पत्करला होता. फसवणूक झाली २०२४ च्या दिवाळीत. अपडेट बंद होऊन वर्ष उलटलेलं, काम करणारं कोणी उरलेलं नाही, आणि दुकानात तो गेम ६० टक्के सवलतीत सेलला लागला. पानावर 'दोघांनी मिळून खेळा, लवकरच' ही ओळ तशीच. रूममेटने मावसभावाला विचारलं, त्याने माझा रिव्ह्यू दाखवला, आणि त्या मुलाने मेसच्या पैशातले ५१९ रुपये भरले. अशी सवलत सहसा आपोआप लागत नाही, गेम विकणाऱ्याच्या खात्यातून कोणीतरी ती ठरवून लावावी लागते. म्हणजे आमच्या ईमेलला उत्तर द्यायला तिथे माणूस नव्हता, पण सेल लावायला होता. आणि प्रत्येक विक्रीतला आपला वाटा दुकान घेतच होतं. या धंद्यात तो वाटा वर्षानुवर्षं ३० टक्क्यांच्या आसपास राहिला आहे.

पाच महिन्यांत लॉगिन सर्व्हर बंद. एकट्याने खेळायच्या गेमला स्टुडिओच्या सर्व्हरवर लॉगिन का लागावं, हा प्रश्न मी विकत घेताना विचारायला हवा होता. आमचं गावही त्याच सर्व्हरवर साठवलेलं होतं. माझ्या लॅपटॉपवर गेमच्या ११ जीबीच्या फाइल्स आजही आहेत, पण त्यातून काहीच उघडत नाही.

दुकानाला लिहिलं. उत्तर आलं, रिफंडची मुदत संपली आहे. मोठ्या दुकानांचा नियम साधारण असा असतो की विकत घेऊन चौदा दिवस आणि खेळून दोन तास व्हायच्या आत मागितलं तरच पैसे परत. विचार करा, जो गेम दोन वर्षांनी मरणार आहे त्याची खोट दोन तासांत कशी कळणार? पुढे म्हणे, डेव्हलपरशी संपर्क साधा. डेव्हलपरचा ईमेल परत आला, पत्ता अस्तित्वात नाही म्हणून. तेही दुकानाला कळवलं. पुन्हा तेच छापील उत्तर.

दुकानं म्हणतात की आम्ही फक्त मंडई चालवतो, माल आमचा नाही. मला हे पटत नाही. गाळा त्यांचा, गल्ला त्यांचा, बिल त्यांच्या नावाचं. गाळेवाला पळून गेल्यावर त्याचा माल मंडईवाल्याने स्वतः विकत राहायचं आणि तक्रार आली की हात वर करायचे, हे कुठल्या बाजारात चालतं?

आणि मनात आणलं तर त्यांना करता येतं. 'द डे बिफोर' नावाचा गेम ७ डिसेंबर २०२३ ला आला आणि चारच दिवसांत त्याच्या स्टुडिओने कंपनी बंद करत असल्याचं सांगितलं. विक्री थांबली आणि तासांची अट न घालता पैसे परत मिळाले. कारण गाजावाजा मोठा होता. याउलट 'कर्बल स्पेस प्रोग्राम २' पाहा. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो अर्ली ॲक्सेसमध्ये आला, किंमत जवळपास ५० डॉलर. २०२४ मध्ये त्याच्या सिअॅटलच्या स्टुडिओतली माणसं कमी केली गेली, त्या जूनमधल्या अपडेटनंतर काम थांबलं, आणि तरीही गेम विकायला राहिलाच. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्टीमने अशा पानांवर सूचना लावायला सुरुवात केली की या गेमला इतके महिने अपडेट आलेला नाही. चांगलं पाऊल आहे. माझ्या मते मात्र ती पाटी लावून पुरत नाही. वर्षभर अपडेट नाही आणि स्टुडिओ उत्तर देत नाही, तर 'विकत घ्या' हे बटणच बंद झालं पाहिजे.

कायद्याने बोट धरलं की दुकानं वळतात, हेही दिसलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने २०१४ मध्ये स्टीमच्या मालक कंपनीला, व्हॉल्व्हला, रिफंडच्या प्रश्नावर कोर्टात खेचलं. २०१६ मध्ये ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. स्टीमचा आज सगळीकडे लागू असलेला रिफंडचा नियम ही केस चालू असतानाच, २०१५ मध्ये आला. युरोपात 'द क्रू' या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाल्यावर खेळणाऱ्यांनी मोहीम उभारली की विकलेला गेम चालेल अशा अवस्थेत सोडायची सक्ती हवी. २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांवर सह्या झाल्या. त्यातले कित्येक जण माझ्यासारखेच एखाद्या गावाचे किंवा गाडीचे मालक असतील.

पैसे भरण्याआधी मी आता काय बघतो ते सांगतो. अपडेटची नुसती तारीख बघत नाही, अपडेटमध्ये लिहिलंय काय ते वाचतो. एकूण रिव्ह्यू 'उत्तम' दिसले तरी गेल्या तीस दिवसांतले वेगळे काढून वाचतो, सडका वास तिथे आधी येतो. पानाच्या कडेला बारीक अक्षरांत 'वेगळं खातं लागेल' असं असेल तर एकट्याने खेळायचा गेम मी घेतच नाही. रिफंडची मुदत संपायच्या आत एकदा वाय-फाय बंद करून गेम उघडतो का ते पाहतो. ही दोन मिनिटांची तपासणी मी तेव्हा केली असती तर सगळं तिथेच कळलं असतं. जुने गेम शक्यतो जीओजीसारख्या ऑनलाइन दुकानात घेतो, कारण तिथे इन्स्टॉलरची फाइल उतरवून आपल्या हार्ड डिस्कवर ठेवता येते. आणि पुढे काय येणार आहे त्याचे पैसे देत नाही. आज आहे तेवढाच गेम कायम राहिला तर या किमतीला घेईन का, एवढंच स्वतःला विचारतो. अर्ली ॲक्सेसमधला गेम कोणाला भेट तर अजिबात देत नाही.

विकत घेतल्या दिवशी त्या पानाचा, विशेषतः वचनांच्या यादीचा, स्क्रीनशॉट काढून ठेवा. मी काढला नव्हता. स्टुडिओने साइट बंद केल्यावर वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपणाऱ्या साइटवर जुनं पान सापडलं म्हणून निभावलं, त्यावर 'को-ऑप: २०२३ अखेर', म्हणजे दोघांनी मिळून खेळायची सोय तेव्हा येईल, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. बिलाचे ईमेल आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांकही जपून ठेवा.

आपल्याकडे दाद मागता येत नाही असं समजू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि त्याखालचे २०२० चे ई-कॉमर्स नियम डिजिटल वस्तूंनाही लागू आहेत, आणि भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीर विक्री करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही. त्यांनी तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं असतं. साध्या मदत फॉर्मवर भांडत बसू नका, त्या अधिकाऱ्याचा पत्ता शोधून त्यालाच लिहा. मी तीन महिने फॉर्म भरण्यात घालवले. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची.

हेल्पलाइनवर नोंद झाल्यावर अकराव्या दिवशी रूममेटचे ५१९ रुपये त्याच्या वॉलेटमध्ये जमा झाले. कारण काही दिलं नाही. मला वाटतं, स्टुडिओ संपल्यानंतरची विक्री ही त्यांनाही सांभाळता आली नसती. माझ्या दोन प्रती आणि तो पॅक यांचं अजून काही नाही, आयोगाकडे जायची कागदपत्रं जुळवतोय. गेम मात्र दुकानातून नाहीसा झाला आहे. एके दिवशी बटण गेलं. ज्यांनी घेतला त्यांना साधा ईमेलसुद्धा नाही.

त्या रात्री मावसभाऊ म्हणाला, "दादा, तुझा रिव्ह्यू अजून आहे तिथे." तो होताच, शंभरेक लाइकसकट, पूर पाहिलेल्या माणसांना बोलावत. काढून टाकणार होतो. मग वाटलं, लोक अजूनही शोधत त्या पानावर येतात. म्हणून सगळ्यात वर दोन ओळी घातल्या: 'हा गेम मार्च २०२५ पासून उघडत नाही. कुठे याची किल्ली (गेम उघडायचा कोड) विकायला दिसली तर घेऊ नका.' खालचं मी आधी लिहिलेलं सगळं तसंच ठेवलं आहे, घाटाच्या फोटोसह.