नऊ गाणी, चार दिवस: एका स्टुडिओचं ‘अल्बम पॅकेज’

आम्ही चौघं नोकऱ्या सांभाळून वाजवणारे. मी बेस गिटारवर. सात वर्षांत चार सिंगल्स काढली, तीही घरीच, कपाटातल्या कपड्यांच्या आडोशाला माइक लावून. यंदा सुट्ट्या जुळवल्या आणि एका स्टुडिओचं अल्बम पॅकेज घेतलं. चार दिवस रेकॉर्डिंग, नऊ गाण्यांचं मिक्सिंग-मास्टरिंग (वाद्यांचे आवाज जुळवणं आणि त्यावर शेवटचा हात फिरवणं), दोनदा दुरुस्त्या, आणि ऑनलाइन रिलीजही तेच करणार.

रेकॉर्डिंगला पैकीच्या पैकी. पहिला दीड दिवस ड्रम्सनीच खाल्ला. क्लिक (कानात लय धरून देणारी टिकटिक) लावल्यावर कळलं की आमचं ‘संथ’ गाणं आम्ही मिनिटाला ९२ ठोक्यांच्या लयीत सुरू करतो आणि १०४ वर नेऊन संपवतो. सात वर्षं मी ड्रमरच्या नावाने खडे फोडत होतो. इंजिनियरने माझा बेस एकटाच वाजवून दाखवला, मग गप्प बसलो.

तिसऱ्या गाण्याला तर शेवटच नव्हता. स्टेजवर आम्ही एकमेकांकडे बघायचो, ड्रमर एक दणदणीत रोल मारायचा, टाळ्या पडायच्या, निभून जायचं. इथे निभेना. इंजिनियरने आमच्या तीन टेकचे तीन वेगळे शेवट लागोपाठ ऐकवले, आणि आम्ही जमिनीवर बसून तासभर भांडून चार ओळींचा शेवट बसवला. सुटं एखादं सिंगल करताना हे गाणं आम्ही कधीच निवडलं नसतं. अल्बम होता म्हणून ते पुरं झालं.

बीटल्सनी ११ फेब्रुवारी १९६३ च्या एका दिवसात पहिल्या अल्बमची दहा गाणी रेकॉर्ड केली, हे आमचा गिटारवाला दर तासाला ऐकवत होता. ते त्याआधी क्लबांमध्ये रात्र रात्र वाजवून तयार झाले होते, हे त्याला चौथ्या दिवशी पटलं. गायिकेचा आवाज बसला तेव्हा.

पहिल्या मिक्समध्ये बेस गायब (हे मीच म्हणणार, मान्य). मास्टरचा, म्हणजे अंतिम फाइलचा, आवाजही नको इतका मोठा होता. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला सगळं उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा याचं माप) आसपास आणून ठेवतं, मग ड्रम्सचा ठोका चेपून मिळवलं काय? सांगितल्यावर वाद न घालता दोन्ही सुधारून दिलं.

रिलीज मात्र फसलं. नऊच्या नऊ गाणी न विचारता एका दिवसात चढवली. स्पॉटिफायच्या संपादकांकडे त्यांच्या प्लेलिस्टसाठी एका रिलीजमधलं एकच गाणं सुचवता येतं, तेही रिलीजच्या आधी. एकेक करून सोडली असती तर नऊ संधी होत्या. इथे होती ती एकसुद्धा वापरली नाही. शिवाय २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत १००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला तिथे रॉयल्टी नाही, आणि हा हिशेब गाण्यागणिक होतो. आमचं पहिलं गाणं बऱ्यापैकी चाललं. नवव्यापर्यंत घरचेही पोचलेले नाहीत.

तेव्हा हौशी बँडने अल्बम रेकॉर्ड जरूर करावा, पण रिलीज स्वतःच्या हातात ठेवावं. प्रत्येक वाद्याचे सुटे ट्रॅक यांनी न मागता हार्ड डिस्कवर दिले, तो एक गुण जास्त. जाताना स्नेअर ड्रमचं नवं हेड (वरचा पडदा) सोबत न्या. यांच्याकडे आमच्या मापाचं नव्हतं, त्यात अर्धी सकाळ गेली.