कॅम्परला फ्यूज की ब्रेकर?

भाचा जुन्या व्हॅनचा कॅम्पर, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, करतोय. पुण्याच्या तपकीर गल्लीतून, विजेच्या सामानाच्या बाजारातून, फोन आला, "मामा, फ्यूजऐवजी सगळीकडे एमसीबीच, म्हणजे घरात असतात ते छोटे ब्रेकरच, घेऊ का? पडला की वर केला, झालं."

म्हटलं, थांब. घरातला एमसीबी एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या प्रवाहासाठी असतो. एसी प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क सुटताना पडलेली ठिणगी विझते. बॅटरीचा डीसी प्रवाह एकाच दिशेने वाहतो, तो असा शून्यावर येतच नाही. ठिणगी पेटती राहून ब्रेकरच वितळू शकतो. म्हणून ब्रेकर घेताना त्यावर डीसी व्होल्टेज छापलंय का ते बघ, आणि + − खुणा असतील तर जोडणी तशीच कर.

खर्चात फ्यूजच स्वस्त. टिकण्याचं म्हणशील, तर त्यात हलणारा भागच नाही, खड्ड्यांची भीती नाही. पण ताम्हिणीत भर पावसात उडाला आणि जवळ दुसरा नसला, की रात्र अंधारात. तिथे ब्रेकर सोयीचा. स्विचसारखा बंदही करता येतो. मात्र का पडला ते शोधल्याशिवाय वर करू नकोस.

फ्यूज असो की ब्रेकर, किती अँपिअरचा घ्यायचा ते वायरच्या जाडीवरून ठरव, कारण वाचवायची असते वायर.

लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडू शकते. तिच्या पॉझिटिव्ह टोकाजवळ क्लास टी, म्हणजे एवढा मोठा प्रवाहही सुरक्षितपणे तोडणारा फ्यूजच लाव. दिवे, पंखा, पंपाला ब्लेड फ्यूज, म्हणजे गाड्यांत असतात ते चपटे रंगीत फ्यूज: 10 अँपिअरचा लाल, 15चा निळा, दोन-दोन जादा ठेव. सोलर पॅनेलची लाइन कधी कधी बंद करावी लागते, तिथे डीसी ब्रेकर घे.