कोविड वॉर्डातली स्वतंत्र ड्युटी: निवासी डॉक्टरांना काय मिळालं?

शिकायला काय मिळालं या हिशेबाने मेडिसिनला चार तारे, सर्जरीला दीड.

नीट-पीजी २०२१ ही पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशपरीक्षा एप्रिलवरून ११ सप्टेंबरवर गेली, नवी तुकडी वेळेवर आलीच नाही आणि वॉर्ड जुन्या निवासी डॉक्टरांच्या अंगावर पडला. ऑक्सिजन शिकायला मात्र याहून चांगली शाळा नव्हती. राखीव पिशवीच्या मास्कला मिनिटाला १० ते १५ लिटर. आधी पिशवी पूर्ण फुगवायची, मगच मास्क चढवायचा. श्वास घेताना ती चपटी झाली तर प्रवाह अपुरा आहे किंवा नळी निसटली आहे. खोडही इथलीच: ऑक्सिमीटरवर ९४ दिसले की श्वास मोजायचेच नाहीत. श्वासगती मिनिटाला तिसाच्या वर गेली की वरिष्ठांना फोन, ऑक्सिमीटर काहीही म्हणो.

सर्जरीवाल्यांचे हात रिकामे. नियोजित शस्त्रक्रियाच थांबलेल्या, मग टाके घालणार कुणाला?