दोन कुलपांची अर्पणपेटी: तेरा महिने वापरल्यावर

मंडळीसाठी, म्हणजे आपल्या चर्चसाठी, अर्पणाचे पैसे टाकायची पेटी घ्यायची तर काय बघून घ्यावी, असं विचारायला आजूबाजूच्या दोन-तीन मंडळ्यांच्या खजिनदारांचे फोन आले. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी एसटीच्या आगारात सव्वीस वर्षं कॅशियर होते. निवृत्त झाल्यावर मंडळीने खजिनदार केलं. पेटीकडे बघायची माझी नजर त्यामुळे जरा तशीच आहे.

पेटी नगरला एका कपाटं बनवणाऱ्या कारखान्यातून ऑर्डर देऊन करून घेतली. दीड फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. किंमत ४,८०० रुपये, टेम्पोचं भाडं वेगळं. पत्रा जाड आहे, मूठ आपटली तर डब्यासारखा वाजत नाही. झाकणाला सहा इंचांची चीर ठेवली, पण रुंदी अर्ध्या इंचाच्या आतच. घडी केलेली नोट आणि दशांशाचं (उत्पन्नाच्या दहाव्या भागाचं) पाकीट आत जातं, बोटं जात नाहीत. चिरेच्या खाली आतून एक तिरकी पट्टी वेल्ड केलेली आहे आणि पेटीची खरी कारागिरी तिथेच आहे. मी दहा रुपयांच्या वीस नोटा टाकून कारखान्यातच पेटी उलटी करून हलवायला लावली. एकही नोट बाहेर आली नाही. तुम्हीही घेताना हे करून बघाच.

समोर दोन कडी-कोयंडे आणि दोन वेगळी कुलपं. एक किल्ली माझ्याकडे. दुसरी, दर महिन्याला चिठ्ठी काढून ज्या सभासदाचं नाव निघेल त्याच्याकडे. पाळकसाहेबांकडे एकही किल्ली नाही, आणि ती अट त्यांनी स्वतः घातली. बदलीवर आले तेव्हा पहिल्याच कमिटीत म्हणाले, "मला किल्ली देऊ नका. उद्या कुणी माझ्याकडे बोट दाखवलं तर उत्तर द्यायला तुम्ही सगळे असायला हवेत." वयाने माझ्या मुलाएवढे आहेत. त्या दिवसापासून मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

आधी आमच्याकडे काय चालायचं ते सांगितल्याशिवाय या पेटीची किंमत कळणार नाही. उपासनेत थैली फिरायची, मग ती वेस्ट्रीत (चर्चमधल्या पाळकांच्या खोलीत) जायची आणि सोमवारी कुणीतरी एकटं बसून मोजायचं. रजिस्टरात जो आकडा यायचा तोच खरा. मी तेव्हा खजिनदार नव्हते, पण सवयीने एका हंगामाच्या सणाला, म्हणजे लोक पिकातलं अर्पण आणतात आणि त्याचा लिलाव होतो तेव्हा, वहीत टिपत बसले होते. लिलावात कोंबडी कितीला गेली, कोहळा कितीला गेला, बाजरीचं पोतं कुणी घेतलं, सगळं. माझी बेरीज आणि वार्षिक सभेत वाचलेला आकडा यांत ३,१४० रुपयांचा फरक आला. मी उभी राहून विचारलं. उत्तर आलं, "बाई, मत्तय सात, एक. न्याय करू नका." बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातलं ते वचन. सगळे गप्प झाले, मीही बसले.

त्या बसण्याची मला आजही खंत आहे. ज्या प्रभूने न्याय करू नका म्हटलं, त्यानेच योहानाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात, वरवर बघून न्याय करू नका तर खरा न्याय करा, असंही सांगितलं. वचन एकच आहे असं धरून प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड बंद करायचं, हा वचनाचा वापर नव्हे. बारा शिष्यांत पैशांची थैली यहूदाकडे होती आणि तो त्यातलं काढत असे, हे योहानाने झाकून ठेवलेलं नाही. सरळ लिहिलं आहे.

पण माझी दुसरी चूकही लिहिते, कारण ती जास्त मोठी आहे. ते पैसे त्या वेळच्या सेक्रेटरींनीच घेतले असं मी मनात ठरवून टाकलं. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. दोन वर्षं मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. प्रभुभोजनाला त्यांच्या शेजारची जागा टाळली. खजिनदार झाल्यावर जुने कागद लावायला बसले तेव्हा मंडळीतली एक विधवा बहीण बोलता बोलता म्हणाली, की तिच्या मुलीच्या दवाखान्याचं बिल अण्णांनी त्याच सणाच्या पैशांतून भरलं होतं. किती? तिला आठवत नव्हतं. दोन हजार असतील, तीनही असतील. अण्णांना विचारलं तर डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "कुणाला कळू नये म्हणून पावती ठेवली नाही." ना व्हाउचर, ना ठराव, ना कुणाची सही. ते निर्दोष आहेत असं मला आज पूर्ण वाटतं, पण कागदावर सिद्ध करून देता येत नाही. हिशेब नसला की चोर सुटतो हे मला माहीत होतं. सरळ माणसाच्या हातातला पुरावाही त्यामुळेच जातो, हे अण्णांकडे बघून कळलं. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी दिली.

प्रेषित पौलालाही आपल्यावर असा दोष येईल हे भय होतं. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी जमवलेली रक्कम न्यायची होती तेव्हा त्याने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस घेतला, कुणी दोष देऊ नये म्हणून (२ करिंथ ८). प्रेषिताने एवढी काळजी घेतली, तर आम्हाला ती घ्यायला कमीपणा का वाटावा? आगारात कंडक्टरची वाटेत तपासणी होते, वेबिल (विकलेल्या तिकिटांची नोंद) आणि पैसे ताडून बघतात. सरळ कंडक्टर त्याने कधी दुखावलेला मी बघितला नाही. उलट पेटी उघडून समोर करायचा.

एसटीत निदान तिकीट असतं, किती यायला हवे ते कळतं. अर्पणाला तिकीट नसतं. पहिल्यांदा मोजताना जो आकडा लिहिला जातो, तेवढाच पुरावा. सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली आमच्या ट्रस्टचं ऑडिट दरवर्षी होतं, पण सीए जे वहीत आलं तेच तपासणार. थैली ते वही या मधल्या वाटेवर त्यांची नजर पोहोचत नाही. ही पेटी त्या वाटेवर उभी राहते, म्हणून ४,८०० रुपये मला महाग वाटले नाहीत.

कमिटीत मंडळीतल्या एका वडिलांनी (ज्येष्ठ पुढाऱ्यांनी) बायबलमधल्या २ राजे या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातलं वचन काढलं, की मंदिराच्या कामावरच्या माणसांकडून हिशेब मागत नसत, ती विश्वासाने वागत. मग आपण का मागायचा? मी म्हटलं, वरून वाचा. आधी यहोयादा याजकाने पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं, वेदीजवळ ठेवली. मग राजाचा चिटणीस आणि महायाजक असे दोघे मिळून पैसे मोजायचे, बांधायचे. विश्वास त्याच्यानंतर आलेला आहे. त्यावर ते वडील काही बोलले नाहीत, पण ठरावावर सही केली.

आता पेटीतल्या खोडी. पावसाळ्यात डाव्या बिजागरीला गंज धरला; रंग सांध्यात नीट बसलेला नाही. कारखान्याला तीनदा फोन केला, माणूस येतो म्हणाले, आला नाही. शेवटी इथल्याच वेल्डरकडून दीडशे रुपयांत करून घेतलं. जाड पाकीट टाकलं तर आतल्या पट्टीवर अडकतं, पट्टी थोडी उतरती मागा. कुलपं त्यांनी दिली ती हलकी होती, ती मी बदलली. आणि तळाला बोल्टची भोकं आधीच पाडून घ्या, नाहीतर दोन माणसं पेटीच उचलून नेतील.

एक गोष्ट पेटीने होत नाही. आमचं निम्मं अर्पण आता फोनवरून येतं, आणि भिंतीवरचा क्यूआर कितीतरी महिने एका कमिटी सदस्याच्या खासगी खात्याचा होता. सोयीसाठी लावला होता, म्हणे. आम्ही तो काढला आणि ट्रस्टच्या खात्याचा लावला. तुमच्याकडचा आज स्कॅन करा आणि वर कुणाचं नाव येतं ते बघा. पेटी नंतर घेतली तरी चालेल.

गेल्या महिन्याच्या चिठ्ठीत अण्णांचं नाव निघालं. उपासना झाल्यावर ते किल्ली खिशातून काढून आले, हात थरथरत होते. मी माझं कुलूप काढलं, त्यांनी त्यांचं. वेदीसमोरच्या टेबलावर मोजलं, ६,२३५ रुपये. दोघांनी सही केली. मी रबर लावायला घेतलं तर अण्णा म्हणाले, "थांब बाई, एकदा परत मोजू." आम्ही परत मोजले.