जेवणासोबतची वाइन: आठ महिन्यांनंतरची माझी वही

पहिले दोन महिने मी वाइन चाखत नव्हते, तिचे पेपर तपासत होते. बाटली उघडायची, पेला तिरका धरून रंग बघायचा, नाक खुपसून वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि वहीत वीसपैकी गुण टाकायचे. जेवायला बसायचं ते त्यानंतर. वीस गुणांची ही पद्धत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतली. वाइनमधले दोष पकडायला ती उत्तम. पण सोळा गुणांची बाटली पानावर बसलं की अर्धीच राहायची आणि अकरावाली कधी संपली ते कळायचंही नाही. हे चार-पाचदा झालं तेव्हा चूक वाइनची नसून माझ्या तपासण्याची आहे, हे लक्षात आलं.

मग नवऱ्याला कामाला लावलं. त्याने तीन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, आकडे टाकले आणि वाइन चक्क चहाच्या मगांत ओतली, म्हणजे रंगही दिसू नये. जेवण झणझणीत तिखट होतं. दोन नंबरचा घोट घेतला आणि जिभेला आगच लागली. कागद काढला तर माझी लाडकी, ओकच्या पिंपात मुरलेली, साडेचौदा टक्के अल्कोहोलची रेड. तीन नंबरचा मग मात्र मी रिकामा केला होता. ती होती नऊ टक्क्यांची, किंचित गोडसर व्हाइट वाइन, रिस्लिंग. वहीत तिच्यापुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं: ‘पाणचट. परत नको.’ नवऱ्याने ते पान मोठ्याने वाचून दाखवलं, वर विचारलं, “अगं, ही पाणचटच आणू ना उद्या?”

कारण साधं आहे. मिरचीतला कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या नसा चेतवतो, त्यांनाच अल्कोहोलही डिवचतं; तिखटावर जास्त अल्कोहोलची वाइन म्हणजे आगीत तेल. थोडी साखर आणि थंडावा तो दाह शमवतात. तसंच टॅनिनचं, म्हणजे वाइनमधल्या तुरट द्रव्याचं. जास्त उकळलेल्या कोऱ्या चहाने तोंड जसं कोरडं पडतं, तसं रेड वाइनमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि जीभ खरखरीत करतं. नुसती प्यायलात तर ते खुपतं, पण खारट चीज किंवा मांसाचा तुकडा सोबत आला की तेच टॅनिन मवाळ होतं. आंबट पदार्थ वाइनचा आंबटपणा दाबतो, म्हणून टोमॅटोच्या सॉसपुढे सौम्य वाइन अगदीच बिचारी वाटते. तिथे सॉव्हिन्यॉं ब्लांसारखी चांगली आंबटसर व्हाइट वाइन हवी. तळलेल्या माशालाही तीच. आणि गोड पदार्थासोबत कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली वाइन? मी एकदाच चूक केली. ज्याला पटत नसेल त्याने करून बघावी.

फुकटात झालेला सर्वांत मोठा फायदा तापमानाचा. रेड ‘रूम टेंपरेचरला’ प्यावी हे ऐकून मी ती ओट्यावर ठेवायचे. प्रत्यक्षात तिला १६ ते १८ अंश सेल्सिअस लागतात, पिनो न्वारसारख्या हलक्या रेडला आणखी थोडे कमी. गरम खोलीतली रेड नाकात फक्त अल्कोहोल चढवते. आता ती जेवणाआधी वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये जाते आणि व्हाइट तेवढाच वेळ आधी बाहेर येते, कारण फार गारठलेल्या वाइनला वासच राहत नाही. एवढ्या एका बदलाने वहीतल्या निदान सहा ‘बेकार’ बाटल्या ‘चालेल’मध्ये गेल्या.

पेल्यांवर मात्र उगाच खर्च केला. मोठा फुगीर पेला दोन महिन्यांत फुटला. सध्या वापरते तो आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या १९७७ सालच्या मानकाचा चाखण्याचा पेला: साधारण २१५ मिलिलिटरचा, तोंडाशी निमुळता. त्यात ५० मिलिलिटर घातली की वास वरच्या जागेत साठतो. दिसायला अगदीच साधा, पण धुताना जीव टांगणीला लागत नाही.

लेबलवरची ‘चेरी, तंबाखू, चामडं’ ही वासांची यादी मी वाचणं सोडलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या बोर्दोतल्या एका प्रयोगात ५४ विद्यार्थ्यांना लाल रंग मिसळलेली व्हाइट वाइन दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेडच्या शब्दांत केलं. मगातल्या रात्री मीही एक नंबरची थंड केलेली रेड ठामपणे रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, म्हणून सांगितली होती, त्यामुळे हसायचा अधिकार मला नाही.

तक्रारीही आहेत. एका बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. हा बुचातून येणारा दोष. अपाय करत नाही, पण फळाचा सगळा गंध मारून टाकतो. मी ती ‘अशीच असेल’ म्हणून निमूट प्यायले, परत करायला हवी होती. दुसरी अडचण उरलेल्या वाइनची. ७५० मिलिलिटर म्हणजे १५० चे पाच पेले, आणि आम्ही दोघं आठवड्यातून दोनदाच घेतो. उरलेली वाइन मी आता लगेच ३७५ मिलिलिटरच्या रिकाम्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये टाकते. हवा कमी, म्हणून तीन-चार दिवस धड राहते. (तब्येतीला चांगली म्हणून कोणी सुरू करणार असेल तर नको. दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. आम्ही आवडते म्हणून घेतो.)

वहीत आता गुणांचा रकाना नाही. तीनच रकाने आहेत: पानात काय होतं, दुसरा पेला घ्यावासा वाटला का, आणि तिसऱ्या दिवशी कशी लागली. कालची नोंद: भाजलेली वांगी, हो, आणि तिसरा रकाना अजून कोरा. छोटी बाटली फ्रिजच्या दारात आहे, पण ती परवापर्यंत टिकेल असं नवऱ्याकडे बघून वाटत नाही.