आईला शब्द कळले पाहिजेत: मिरजेच्या स्टुडिओत आमचं गाणं पुन्हा केलं त्याचा अनुभव

आमचं गाणं पहिल्यांदा तयार होऊन आलं, तेव्हा मी ते आईला तिच्याच फोनवर ऐकवलं. गाणं पुराचं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आम्ही गावभागात आमच्याच घराच्या माडीवर अडकलो होतो. त्या दिवसांवर मी ते लिहिलंय. आईने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "चाल गोड आहे रे, पण तो म्हणतोय काय?" मी परत लावलं, तिसऱ्यांदाही लावलं. 'पाणी आलं जिन्याच्या आठव्या पायरीवर' ही ओळ तिला एकदाही कळली नाही. सगळं गाणं मी त्या ओळीसाठी लिहिलं होतं.

तेच गाणं आम्ही नंतर मिरजेत पुन्हा केलं. सतारमेकर गल्लीपासून चालत दोन मिनिटांवर एक वाद्यांचा कारखाना आहे, त्याच्या माडीवर हा स्टुडिओ आहे. खाली वडील तानपुरे-सतारी घडवतात, वर मुलगी रेकॉर्डिंग करते. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. आमचा पाच जणांचा बँड: दोन गिटार, बेस, गायक, आणि ढोलकी-हलगी माझ्याकडे. इथल्या बँडवाल्यांना, भजनी मंडळांना, बँजोवाल्यांना उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही गेलो होतो फक्त मिक्सिंगसाठी, म्हणजे वेगवेगळे घेतलेले आवाज एकत्र नीट बसवून घ्यायला. सगळे ट्रॅक पेनड्राइव्हवर होते. वाटलं होतं, ताई कॉम्प्युटरवर बसतील, चार बटणं फिरवतील आणि आवाज उठून येईल. त्यांनी पेनड्राइव्ह बाजूला ठेवला आणि विचारलं, "आधीचं गाणं फोनमध्ये आहे? लावा. हेडफोन नको, असंच टेबलावर ठेवा." एक कडवं झालं आणि त्या म्हणाल्या, "दादा, तुमच्या दोन गिटारी आहेत ना? मला तर अर्धीच ऐकू येतीय."

कारण असं निघालं. आधीच्या ठिकाणी एका गिटारचा ट्रॅक कॉपी करून, काही मिलिसेकंद मागे सरकवून, एक डावीकडे आणि एक उजवीकडे टाकला होता. हेडफोनवर ते ऐसपैस वाटतं, आम्हीही त्यालाच भुललो होतो. पण आईच्या फोनला स्पीकर एकच. डावं-उजवं तिथे एकत्र येतं आणि तोच आवाज स्वतःच्याच उशिरा आलेल्या नकलेवर आदळला की काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. उरते ती पोकळ, डब्यातून आल्यासारखी गिटार. यावर ताईंचा उपाय साधा होता: तोच भाग दोनदा खराखुरा वाजवायचा. दोन वेळच्या वाजवण्यात हाताचा जो बारीक फरक पडतो, त्यानेच आवाज रुंद होतो, आणि एकत्र केला तरी मरत नाही.

हलगीचं दुखणं मात्र माझं होतं. बोलण्यातले क, च, ट, प हे वर्ण ज्या पट्ट्यात स्पष्ट होतात, साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झ, तिथेच हलगीची काडी कडाडते. गायकाने 'पायरीवर' म्हणायला आणि मी काडी मारायला एकच गाठ पडत होती. शिवाय हलगी आम्ही विश्रामबागमध्ये मित्राच्या फरशीच्या खोलीत घेतली होती, दहा बाय दहाची, भिंती कोऱ्या. माईक चार बोटांवर असूनही प्रत्येक थापेमागे खोलीचा खणखणाट येत होता. ताईंनी मला तो एकटा ट्रॅक ऐकवला. वीस वर्षं हलगी वाजवतोय, पण माझी हलगी अशी ऐकू येते हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या स्पष्ट म्हणाल्या, "ही खोली आता यातून काढता येणार नाही. मी मिक्सिंगचे पैसे घेईन आणि तुम्ही परत नाराज व्हाल. त्यापेक्षा दोन तास परत वाजवा."

हे वाक्य मला आधी कुणी ऐकवलं नव्हतं, आणि या स्टुडिओला मी पूर्ण मार्क देतो ते यासाठी.

हलगी घेतली खाली कारखान्यात, रात्री साडेनऊनंतर, काम बंद झाल्यावर. लाकडाच्या फळ्या, अर्धवट घडलेल्या दांड्या, मांडणीवर ओळीने भोपळे, म्हणजे आवाज सरळ परतून यायला सपाट भिंत जवळपास नाहीच. फक्त कापलेले भोपळे थापेबरोबर गुणगुणायला लागले. मग ताईंनी आणि त्यांच्या आईंनी त्यांच्यावर गोधड्या टाकल्या. माईक साधाच, शुअरचा एसएम ५७. १९६५ पासून कंपनी तो बनवतेय आणि गावोगावच्या साउंडवाल्यांकडे असतो. पण या वेळी तो चार बोटांवर न ठेवता हातभर लांब, कडेकडे तिरका ठेवला. काडीचा चटका कमी झाला आणि कातड्याचा आवाज आला. पावसाळी हवेने हलगी दर दोन टेकला उतरत होती. मागच्या अंगणात जाळ करून प्रत्येक वेळी ती शेकू दिली, घड्याळाकडे कुणी बघितलं नाही. शेकायच्या वेळेचे पैसेही लावले नाहीत.

ढोलकीचं काम तर मिनिटात झालं. तिला दोन माईक लावले होते, धुमेकडे (जाड आवाजाच्या तोंडाकडे) एक, चाटीकडे (बारीक आवाजाच्या तोंडाकडे) एक. धुमेवर थाप पडली की ते कातडं आत जातं, त्याच्या माईकपासून लांब. आतली हवा दाबली जाऊन पलीकडचं कातडं बाहेर येतं, दुसऱ्या माईककडे. म्हणजे एक माईक खेचतो तेव्हा दुसरा ढकलतो, आणि दोन्ही मिळवले की धुमेचा घुमारच गळतो. ताईंनी एका ट्रॅकची लाट उलटी (पोलॅरिटी) करायचं बटण दाबलं आणि इतके महिने जी धूम 'बसत नाही, बेस वाढव' म्हणून आम्ही भांडत होतो, ती समोर येऊन उभी राहिली. ढोलकी-पखवाज रेकॉर्ड करणाऱ्या प्रत्येकाने हे बटण एकदा दाबून बघावंच.

तानपुरा आम्ही ॲपमधला वापरला होता. मिरजेत बसून ॲपचा तानपुरा! ताई काही बोलल्या नाहीत, वडिलांना हाक मारली. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं ते पेपरात वाचलं होतं, पण घोडीवर तारेखाली दोरा सरकवत सरकवत जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी झणकार, उघडणारा माणूस मी पहिल्यांदा हाताच्या अंतरावरून पाहिला. दोरा केसभर हलला तरी तार बोलायची थांबते. काळी एकला लावून घेतला, गिटारवाल्यांनी त्याच्याशी सूर जुळवून घेतले. गायकाला तो संपूर्ण गाण्यात हवा होता. ताईंनी फक्त सुरुवातीला आणि शेवटच्या कडव्याला ठेवला. यावर अर्धा तास वाद झाला. आता ऐकताना मला त्यांचंच बरोबर वाटतं, गायकाला अजून वाटत नाही.

मिक्समध्ये पुढे काय केलं ते थोडक्यात. गिटारचा तळ साधारण १२० हर्ट्झखाली छाटला, कारण तिथे बेस आणि धूम आधीच बसलेत. गायकाच्या आवाजातला अडीचशे हर्ट्झच्या आसपासचा फुगीरपणा थोडा काढला. हलगी डावीकडे नेली आणि गायक गात असेल तेवढाच वेळ तिचा तीन हजारांजवळचा भाग आपोआप तीन डेसिबल खाली दबेल असं बांधलं. आणि आठव्या पायरीच्या ओळीला हलगी पूर्ण बंद. हे शेवटचं मलाच सुचलं, याचा मला आनंद आहे.

आधीचं गाणं इतकं दाबून मोठं केलं होतं की त्यात चढ-उतार उरलाच नव्हता. ताईंनी समजावलं, युट्यूब आणि स्पॉटिफाय मोठी गाणी स्वतःच साधारण उणे १४ लफ्सपर्यंत (लफ्स म्हणजे गाणं कानाला किती मोठं वाटतं त्याचं माप) खाली आणतात. म्हणजे तुम्ही दाबून मोठं केलेलं तिथे लहान होतं, चेपलेलं मात्र चेपलेलंच राहतं. आमचं नवीन गाणं उणे १२ च्या आसपास आहे. हलगी पडते तेव्हा अंगावर येते, कारण तिच्या आधी शांतता आहे.

आता अडचणी. जिना अरुंद आहे, मोठा कीबोर्ड किंवा ॲम्प नेताना दोन माणसं लागतात. पूर्ण ड्रमसेट मावणार नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा, एसी सगळं बंद, उन्हाळ्यात घामाची अंघोळ होते. गाडी लावायला जागा नाही. काम वेळेत हवं असेल तर इथे जाऊ नका: दहा तारखेला देतो म्हणालेलं गाणं एकोणीसला मिळालं, आणि मधे दोनदा फोन उचलला नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय. एकटीचं काम आहे, मान्य, पण 'उशीर होतोय' एवढा मेसेज करायला हवा होता.

दर आम्हाला पडला तो असा: रेकॉर्डिंग तासाला सहाशे, मिक्सिंग गाण्याला सात हजार, त्यात तीन दुरुस्त्या. चौथीपासून पाचशे. तानपुऱ्याचे वेगळे घेतले नाहीत. जाताना सगळे ट्रॅक २४ बिटच्या वेव्ह (WAV) फाइलींत, गाण्याच्या शून्यापासून सुरू होणारे असे न्या, नाहीतर पहिला तास जुळवाजुळवीतच जातो. आणि तुमचं गाणं ज्या फोनवर ऐकलं जाणार आहे, तो फोन सोबत न्या.

एकोणीसला संध्याकाळी मी गाणं घेऊन घरी आलो. आई भाजी निवडत होती. तिचा फोन ओट्यावर ठेवला आणि लावलं. पहिलं कडवं तिने मान खाली ठेवूनच ऐकलं. ती ओळ आली, हलगी थांबली, आणि तिचे हातही थांबले.

"आठव्या नाही," ती म्हणाली. "नवव्या. मी मोजल्या होत्या, रात्रभर."

येत्या गुरुवारची वेळ घेतली आहे. ती एक ओळ परत गायची आहे.