पाऊल, फासा आणि सापळा : ‘झॅनथार्स गाइड टू एव्हरीथिंग’मधील एका विभागाविषयी

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकत पात्रे रंगवण्याचा खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला सापळ्यांचा मोह फार, आणि त्याची फजितीही बहुधा तिथेच होते. पात्राचे पाऊल चुकीच्या फरशीवर पडते, फासा टाकला जातो, हिट पॉइंट्स (पात्राची उरलेली ताकद) कमी होतात आणि मंडळी पुढे चालू लागतात. मात्र त्यानंतर प्रत्येक दाराशी, प्रत्येक पेटीपाशी लांब काठीने चाचपणी सुरू होते आणि रविवारची अख्खी संध्याकाळ एका बोळात संपते. हा दोष जुनाच आहे. खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनी १९७५ साली ‘ओरिजिन्स’ संमेलनात खेळवलेल्या आणि १९७८ साली छापून आलेल्या ‘टूम ऑफ हॉरर्स’मध्ये हिरव्या सैतानी मुखवट्याचे उघडे तोंड आहे. त्यात जो शिरतो तो नाहीसा होतो. फासा टाकून बचावण्याची संधी नाही. संमेलनात निष्णात खेळाडूंची परीक्षा घ्यायला हे ठीकच होते, पण वर्षभर जपलेले पात्र असे गमावणारा खेळाडू पुढच्या रविवारी येईलच, याची खात्री कोणी देऊ नये.

विझर्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशकाने नोव्हेंबर २०१७मध्ये खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी काढलेल्या ‘झॅनथार्स गाइड टू एव्हरीथिंग’ या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात सापळ्यांचा नव्याने विचार केलेला आहे, आणि मी ते विकत घेतले ते मुख्यतः त्या थोड्या पानांसाठी. (समासांतील शेरे झॅनथार या अनेक डोळ्यांच्या गुन्हेगार म्होरक्याचे आहेत; ते पहिल्या वाचनात गमतीचे वाटतात, तिसऱ्या वाचनात नजर त्यांना आपोआप टाळते.) सापळ्यांचे येथे साधे आणि गुंतागुंतीचे असे दोन प्रकार केले आहेत. साध्या सापळ्यासाठी तो कशाने सुटतो, सुटल्यावर काय होते आणि तो कसा ओळखावा किंवा निकामी करावा, एवढे लिहून ठेवायचे असते. खड्डा, जाळे, विषारी सुई, अस्वलाचा चाप ही उदाहरणे नेहमीचीच आहेत. ती उपयोगी आहेत, पण त्यांच्यासाठी कोणी पुस्तक घेणार नाही.

खरी करामत गुंतागुंतीच्या सापळ्यात आहे, कारण तो लढाईसारखा फेऱ्याफेऱ्यांनी चालतो. वेगवान सापळ्याची पाळी, पाळ्यांचा क्रम ठरवणाऱ्या इनिशिएटिव्हच्या २० या आकड्यावर येते, संथ सापळ्याची १० वर, आणि अतिवेगवान सापळा दोन्ही आकड्यांवर हालचाल करतो. त्याचे काही भाग स्वतःच्या पाळीला हल्ला करतात, काही भाग फेरीगणिक अधिक घातक होत जातात, तर काही सतत त्रास देत राहतात. उतारावरून पुन्हा पुन्हा गडगडत येणारा प्रचंड गोळा दर खेपेला अधिक वेग घेतो, ही एकच कल्पना खेळाडूंना घाई करायला लावते. दुसऱ्या एका सापळ्यात फिरती पाती, चिरडणारे खांब आणि भीती घालणारे जादुई चिन्ह अशा तीन गोष्टी एकत्र आहेत. चोर एका यंत्रणेवर वाकलेला असताना जादूगार दुसरीकडे गुंततो आणि योद्ध्यालाही काम मिळते. पूर्वी सापळा म्हटला की एक जण फासा टाकायचा आणि बाकीचे भ्रमणध्वनीत डोके घालायचे; ही मांडणी तो प्रश्न मुळापासून सोडवते. असे तयार नमुने मात्र तीनच आहेत, आणि ही कंजुषी मला समजलेली नाही.

आकड्यांच्या तक्त्याविषयी माझी तक्रार अधिक गंभीर आहे. धोक्याच्या तीन श्रेणी ठरवून सेव्हिंग थ्रोसाठी, म्हणजे बचावाच्या फाशासाठी, १०, १५ आणि २० असे आकडे दिले आहेत, ते लक्षात ठेवायला सोपे आहेत. परंतु पात्राच्या पाचव्या ते दहाव्या लेव्हलसाठी (अनुभवाच्या पायरीसाठी) एकच रकाना असून त्यातील प्राणघातक सापळा दहा बाजूंच्या दहा फाशांचे, म्हणजे सरासरी ५५ हिट पॉइंट्सचे नुकसान करतो. पाचव्या लेव्हलच्या जादूगाराकडे एकूण तीसच्या आसपास हिट पॉइंट्स असतात, तर दहाव्या लेव्हलचा बार्बेरियन, म्हणजे रांगडा योद्धा, शंभरी ओलांडू शकतो. एकाला आडवे करणारा सापळा दुसऱ्याला निम्म्या ताकदीनिशी उभा ठेवतो, आणि नवखा डंजन मास्टर तक्त्यावर विसंबून फसतो. मी पाचव्या-सहाव्या लेव्हलला सरळ निम्मे फासे वापरतो. धोक्याची चाहूल वर्णनातून आधी कशी द्यावी, म्हणजे जळलेली भिंत, भुकटी झालेली हाडे, घासलेली फरशी कुठे दाखवावी, याचेही नमुने अपुरे वाटतात.

पद्धत पारखण्यासाठी मी देवगिरीच्या अंधारीवर एक सापळा रचला. खडकात कोरलेली वळणावळणाची काळोखी वाट आणि तिच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झाकणावर पेटवायची आग, ही मूळ योजनाच इतकी पक्की आहे की मला फक्त तिचे रकाने भरायचे होते : काळोख आणि निसरड्या पायऱ्या सतत त्रास देणाऱ्या, धूर फेरीगणिक दाटणारा, आणि वरून निखारे ओतणारे पहारेकरी हा हल्ला करणारा भाग. ही तयारी अर्ध्या तासात झाली. तिसऱ्या फेरीला आमच्या ड्रुइडने (निसर्गाची जादू करणाऱ्या पात्राने) वाऱ्याचा मंत्र वरच्या दिशेने सोडला. धूर मागे हटला, पण निखारेही फुलले. म्हणून पुढच्या फेरीत धुराचा त्रास मी काढून टाकला आणि आगीच्या नुकसानीत एक फासा वाढवला. नियमपुस्तक पुन्हा उघडावे लागले नाही, आणि त्या संध्याकाळी काठी कोणीच मागितली नाही.